लांडगामाणूस, वाघमाणूस आणि शेजारचा बिबट्या

आठवी-नववीच्या पुढच्या मुलांच्या हातात इंग्रजी अद्भुत कादंबऱ्या आता सर्रास दिसतात. त्यांतील एक लोकप्रिय प्रकार ‘वेअरवुल्फ’चा, म्हणजे लांडगा होणाऱ्या माणसाचा. या कथांना प्राचीन पार्श्वभूमी फार मानवते. रोमन सैन्याची गॉल किंवा ब्रिटनमधील एखादी छावणी, धुक्यात बुडालेले अरण्य, केल्टिक टोळीचा ड्रुइड पुरोहित, त्याचा शाप, आणि लांडग्याच्या चाव्याने बाधित होऊन दर पौर्णिमेला रूप पालटणारा एक सैनिक, असा हा साधारण साचा.

विज्ञानाच्या शिक्षकाने अशा पुस्तकांकडे कसे पाहावे? ‘हे सारे खोटे आहे’ असे सांगून विषय मिटवता येतो. पण तेवढे मुलांनाही ठाऊक असते. शिवाय गोष्ट खोटी आहे म्हणून ती वाईट ठरत नाही. पंचतंत्रातला सिंहही बोलतोच. अद्भुत कथेने एक अशक्य गोष्ट गृहीत धरावी, हा तिचा हक्क आहे. मात्र त्या एका अशक्य गोष्टीभोवतीचे जग, म्हणजे तेथील माणसे, प्राणी आणि आकाश, लेखकाने नीट पाहिलेले असावे, ही वाचकाची रास्त अपेक्षा आहे. या कसोटीवर लांडगामाणसाच्या कथा तपासून पाहू. बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या शिक्षकांना हा विषय वाटतो तितका दूरचा नाही, हे पुढे दिसून येईल.

रोमन आणि केल्टिक लोक काय सांगत होते?

रोमन साहित्यातील लांडगामाणसाची प्रसिद्ध कथा पेट्रोनिअसच्या ‘सॅटिरिकॉन’मध्ये आहे, काळ इसवी सनाचे पहिले शतक. एका मेजवानीत नायसेरॉस नावाचा, गुलामीतून मुक्त झालेला माणूस ती सांगतो. तो एका सैनिकासोबत रात्री प्रवासाला निघतो. स्मशानाजवळ सैनिक कपडे काढतो, त्यांच्याभोवती लघवीचे रिंगण घालतो आणि लांडगा होऊन रानात पळतो. पुढे एका शेतावर नायसेरॉसला कळते, की लांडग्याने मेंढ्या मारल्या. पण एका गुलामाने त्याच्या मानेत भाला खुपसला. घरी येऊन पाहतो, तो सैनिक अंथरुणावर पडलेला आणि वैद्य त्याच्या मानेवर उपचार करीत असलेला! नायसेरॉस त्याला मारायला धावत नाही. त्यानंतर आपण त्याच्या पंगतीला कधी बसलो नाही, एवढेच तो सांगतो.

या कथेत चावा नाही, संसर्ग नाही, चांदीचे हत्यार नाही. चंद्र आहे, पण तो रूपांतर घडवीत नाही. लख्ख चांदण्यामुळे रात्री प्रवास करता येतो आणि समोरचा प्रकार दिसतो, इतकेच त्याचे काम.

त्याच शतकातील प्लिनीने आपल्या ‘नॅचरल हिस्टरी’ या ग्रंथाच्या आठव्या खंडात, माणूस लांडगा होतो आणि पुन्हा माणूस होतो ही समजूत साफ खोटी असल्याचे लिहिले आहे आणि ग्रीकांच्या भाबडेपणाची थट्टाही केली आहे. त्याच्याही सुमारे पाचशे वर्षे आधी हिरॉडोटसने न्यूरी नावाचे लोक वर्षातून काही दिवस लांडगे होतात ही ऐकीव गोष्ट नोंदवली आणि आपला तिच्यावर विश्वास नाही, असेही सांगून टाकले. म्हणजे कथा आणि तिच्याविषयीचा संशय प्राचीन काळीही शेजारी-शेजारी नांदत होते. आजच्या कादंबऱ्यांत मात्र सगळे प्राचीन लोक सरसकट भोळे दाखवले जातात. इतिहासाची हानी लांडगामाणसापेक्षा या चित्रणामुळे अधिक होते.

केल्टिक बाजूची अडचण वेगळी आहे. ड्रुइड आपली शिकवण लिहून ठेवणे योग्य मानीत नसत, असे सीझरने म्हटले आहे. त्यामुळे प्राचीन गॉलमधील लांडगामाणसाची त्यांनी स्वतः सांगितलेली कथा आपल्या हाती नाही. जे आहे ते बरेच नंतरचे, ख्रिस्ती आयर्लंडमधील आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस जेराल्ड ऑफ वेल्स याने लिहिलेल्या वृत्तांतात एक लांडगा रानात मुक्कामाला थांबलेल्या धर्मगुरूशी बोलतो. ऑसरी भागातील एक पुरुष आणि एक स्त्री शापामुळे सात वर्षे लांडगे होऊन राहतात; माझी सोबतीण आता मरणपंथाला लागली आहे, तिला अखेरचा धर्मसंस्कार द्या, अशी त्याची विनंती असते. धर्मगुरू कचरत-कचरत तो देतो. मग जेराल्ड एक प्रश्न विचारतो: अशा प्राण्याला पशू मानायचे की माणूस? त्याला ठार मारले तर तो मनुष्यवध ठरेल का?

हा प्रश्न सर्वात मोलाचा आहे, आणि आजच्या बहुतेक कथांनी नेमका तोच गाळला आहे.

पौर्णिमा कोठून आली?

चावल्याने लांडगा होणे, पौर्णिमेला रूप पालटणे, चांदीच्या हत्याराने मरणे हे नियम आज पुरातन वाटत असले, तरी ते एकत्र रूढ झाले प्रामुख्याने अमेरिकन चित्रपटांतून: १९३५ चा ‘वेअरवुल्फ ऑफ लंडन’, १९४१ चा ‘द वुल्फ मॅन’ आणि त्याचे पुढचे भाग. रोमन सैनिकाला हे नियम लावणे म्हणजे त्याच्या मनगटावर घड्याळ बांधण्यासारखे आहे.

त्यातही पौर्णिमेचा नियम निसर्गाच्या विरुद्ध जातो. क्रेग पॅकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातील सिंहांच्या माणसांवरील हल्ल्यांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. १९८८ ते २००९ या काळातील हल्ल्यांची पडताळणी केल्यावर त्यांना आढळले, की धोका पौर्णिमेच्या रात्री नव्हे, तर पौर्णिमेनंतरच्या दिवसांत वाढतो. कारण सोपे आहे. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळ उजळते. त्यानंतर चंद्रोदय रोज सरासरी ५० मिनिटांनी लांबतो. म्हणजे माणसे अजून घराबाहेर वावरत असतात त्या वेळी पूर्ण अंधार असतो, आणि उजेडाच्या रात्रींत शिकार कमी मिळाल्याने सिंह भुकेलेला असतो.

मराठी घरांना हे वेगळे समजवायला नको. संकष्टी चतुर्थीला चंद्रोदयासाठी किती वेळ उपाशी थांबावे लागते, हे प्रत्येकाने अनुभवले आहे. त्या दिवशीचा सूर्यास्त ते चंद्रोदय हा काळ म्हणजेच तो अंधार. हा निष्कर्ष सिंहांचा आहे, तो बिबट्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण पौर्णिमेची भीती आणि अंधाराची भीती यांत फरक आहे, एवढे त्यातून नक्की कळते.

मुंबईत आलेला लांडगा

मुंबईच्या चित्रसृष्टीने हा साचा उचलला तो १९९२ मध्ये. महेश भट्ट यांच्या ‘जुनून’मध्ये राहुल रॉयने साकारलेला तरुण पौर्णिमेच्या रात्री वाघ होतो. ‘ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’ या १९८१ च्या चित्रपटाची छाया त्यावर उघड दिसते. लांडग्याच्या जागी वाघ आला, हा बदल मात्र अर्थपूर्ण आहे. युरोपात लांडगा, आफ्रिकेत तरस, दक्षिण अमेरिकेत जॅग्वार, भारतात वाघ: ज्या प्रदेशात ज्या हिंस्र प्राण्याचा धाक, त्याचेच रूप माणूस कथेत घेतो. म्हणूनच या कथांचे मूळ एखाद्या दुर्मीळ आजारात शोधण्याचा खटाटोप मला अपुरा वाटतो. १९६४ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात पॉर्फिरिया या विकाराशी लांडगामाणसाचा संबंध जोडला गेला. पण प्रदेशागणिक प्राणी का बदलतो, याचे उत्तर पॉर्फिरिया देत नाही.

‘जुनून’मध्ये वाघ आला, तरी वाघाविषयीचे काहीच आले नाही, नियम हॉलिवूडचेच राहिले. त्या मानाने अमर कौशिक यांचा ‘भेडिया’ (२०२२) उजवा आहे. अरुणाचलच्या जंगलातून रस्ता काढायला गेलेला कंत्राटदार लांडगा होतो, आणि रूपांतराचा धागा जंगलतोडीशी जोडला जातो. विनोदाच्या भरात हा विचार पातळ होतो, तरी ‘प्राणी का चिडला’ हा प्रश्न कथेत निदान आहे.

एकच अपराधी हवा

साच्याचा खरा दोष याहून खोल आहे. संकटाचे मूळ एकाच शापित जीवात आहे. त्याला ओळखा, संपवा, गाव सुरक्षित होईल, असे ही कथा सांगते. १५८९ मध्ये जर्मनीतील बेडबुर्ग येथे पीटर श्टुम्प या माणसाला लांडगामाणूस ठरवून हालहाल करून मारण्यात आले. रुद्रप्रयागचा बिबट्या १९१८ ते १९२६ या काळात १२५ माणसांच्या मृत्यूला कारण झाला. हा बिबट्या म्हणजे एक साधूच आहे अशा संशयाने लोक त्या साधूच्या जिवावर उठले होते, असे कॉर्बेटने नोंदवले आहे.

आज आपण साधूवर संशय घेत नाही. पण ‘नरभक्षक’ हा शब्द उच्चारताच तोच साचा मनात उभा राहतो. दिसला बिबट्या की पकडा आणि दूर सोडा, ही मागणी त्यातूनच येते. जुन्नर भागात असे झाले. तेथे १९९३ ते २००१ या काळात बिबट्याचे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत असत. पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडण्याची मोहीम सुरू झाल्यावर, २००१ ते २००३ मध्ये ही सरासरी १७ वर गेली, असे विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या २०११ मधील शोधनिबंधात दिसते. ओळखीच्या प्रदेशातून उचललेला प्राणी अनोळखी वस्तीत गेला, की धोका वाढतो. अपराधी हाकलून प्रश्न सुटला नाही. तो दुसऱ्या गावाच्या वेशीवर गेला.

वाघोबाचा करार

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे. बोरिवली, मुलुंड, ठाणे आणि आरे वसाहत यांनी वेढलेल्या या भागात २०१५ च्या पाहणीत ३५ बिबटे मोजले गेले. याच परिसरातील वारली पाड्यांवर वाघोबाची ठाणी आहेत. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत अशी दीडशेहून अधिक ठाणी असल्याचे रम्या नायर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये नोंदवले. वाघोबाच्या जन्मकथेत तो एका बाईच्या पोटी जन्मलेला आहे. तो गुरे मारू लागतो, तेव्हा तोड निघते: त्याने रानात राहावे आणि लोकांनी वर्षातून एकदा, वाघबारशीला, त्याला त्याचा मान द्यावा.

ही आपली वाघमाणसाची गोष्ट. यात चांदीची गोळी नाही, करार आहे. शेजारी कसे राहायचे हा प्रश्न आहे. जेराल्डच्या आयरिश कथेशी तिचे नाते हॉलिवूडपेक्षा जवळचे आहे. अर्थात ठाण्यावर नारळ वाढवून बिबट्या टळत नाही, आणि या शेजाराची किंमतही मोजावी लागते. ऑक्टोबर २०२२ मध्ये आरे वसाहतीत एका लहान मुलीचा बळी गेला. कचरा न साठू देणे, त्यावर पोसणाऱ्या भटक्या कुत्र्यांची संख्या आटोक्यात ठेवणे, वाटेवर दिवे लावणे, अंधारात मुलांना एकटे न सोडणे, हीच आजच्या कराराची कलमे आहेत.

वर्गासाठी

तेव्हा मुलांच्या हातातली कादंबरी काढून घेऊ नये. ती वाचून झाल्यावर तीन प्रश्न मात्र जरूर विचारावेत. या कथेतला लांडगा खऱ्या लांडग्यासारखा कळपात राहतो का, की तो नुसता केसाळ खलनायक आहे? त्यातले चंद्राचे नियम पंचांगाशी जुळतात का? आणि शेवटी एकाला मारून प्रश्न सुटतो, तो खरोखर सुटला का? दुसऱ्या प्रश्नासाठी महिनाभर रोजची सूर्यास्त आणि चंद्रोदयाची वेळ लिहून आलेख काढता येईल. पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात संध्याकाळचा अंधार रोज किती वाढतो, हे मुले स्वतःच मोजतील. उद्यानालगतच्या वस्तीतून शाळेत येणाऱ्या मुलांना त्याचा उपयोगही होईल.