'उमियुकी'मधील 'मी'

जेरो या गायकाचे 'उमियुकी' हे पहिले एन्का-गीत फेब्रुवारी २००८ मध्ये प्रसिद्ध झाले व ओरिकॉन-सूचीत चौथ्या स्थानी पोचले. पिट्सबर्गमध्ये जन्मलेला हा कृष्णवर्णी तरुण, त्याची जपानी आजी व त्याचा हिप-हॉप वेष यांचीच चर्चा अधिक झाली. आकिमोतो यासुशी यांच्या शब्दरचनेची मात्र उपेक्षा झाली. वास्तविक नवल तेथे आहे. निईगाता प्रांतातील इझुमोझाकीच्या किनाऱ्यावर प्रियकरामागे आलेली स्त्री या गीतात बोलते, आणि गातो पुरुष. एन्कात ही रूढी जुनीच होय. परदेशी गायकाच्या तोंडी त्याचीच जीवनकथा घालण्याचा मोह कवीने टाळला, हे त्याचे मर्मज्ञत्व.

जपानी क्रियापद लिंगभेद दाखवीत नाही. स्त्रीत्व सूचित होते ते सर्वनामांतून, वाक्यान्तीच्या अव्ययांतून व संबोधनातून. मराठीत 'मी आले' की 'मी आलो' हे पहिल्याच क्रियापदाशी ठरवावे लागते. आपल्या शाहिरांनी लावणीत 'आले' पत्करले. तमाशात त्यापाठोपाठ नाच्या पोऱ्याचा पदरही आला! जेरोला असे सोंग आणावे लागत नाही. पुरुषी वेषातच उभा राहून तो 'कोबुशी'वर, म्हणजे स्वराला दिलेल्या सूक्ष्म हेलकाव्यांवर, विसंबतो.