पराभवाची मीमांसा आणि धोरणाचा प्रश्न : मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या आत्मपरीक्षणाची चिकित्सा

सारांश : २००९ नंतरच्या निवडणुकांमध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्ष (मार्क्सवादी), म्हणजेच माकप, या पक्षाचा संसदीय प्रभाव झपाट्याने ओसरला. प्रत्येक पराभवानंतर पक्षाने मीमांसा केली आणि त्याच वेळी केंद्र सरकारच्या आर्थिक धोरणावरील टीकाही चालू ठेवली. प्रस्तुत लेखात या दोन गोष्टींच्या परस्परसंबंधाची चिकित्सा केली आहे. पक्षाने पराभवाची कारणे प्रामुख्याने आघाड्या आणि संघटना यांत शोधली. स्वतःच्या राज्य सरकारांचे आर्थिक धोरण मात्र चिकित्सेच्या कक्षेबाहेर ठेवले, असे येथे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : डावे पक्ष, नवउदारवाद, भूसंपादन, राज्य सरकारांच्या मर्यादा, आत्मपरीक्षण.

प्रस्तावना

निवडणुकीतील पराभव कोणत्याही पक्षाच्या वाट्याला येतो. बहुतेक पक्ष त्याची चर्चा बंद दाराआड करतात किंवा करतच नाहीत. माकपची परंपरा वेगळी आहे. केंद्रीय समिती निवडणुकीचा लेखी आढावा घेते, तो शाखांपर्यंत जातो आणि दर तीन-चार वर्षांनी भरणाऱ्या महाअधिवेशनात धोरणाची उजळणी होते. भारतीय पक्षपद्धतीच्या अभ्यासकाला ही सामग्री मोलाची वाटावी अशी आहे. तथापि, मीमांसा लेखी आहे एवढ्यावरून ती पुरेशी ठरत नाही. ती कोणते प्रश्न विचारते आणि कोणते टाळते, हे तपासावे लागते.

येथे प्रथम निवडणूक निकालांचे स्वरूप, नंतर पक्षाची मीमांसा, पुढे पश्चिम बंगाल व केरळमधील धोरणात्मक व्यवहार आणि शेवटी महाराष्ट्रातील अनुभव असा क्रम ठेवला आहे.

निकालांचे स्वरूप

२००४ च्या लोकसभा निवडणुकीत माकपला ४३ आणि डाव्या पक्षांना एकत्रितपणे ५९ जागा मिळाल्या. २००९ मध्ये माकपच्या जागा १६ वर आल्या. २०१४ मध्ये ९, २०१९ मध्ये ३ आणि २०२४ मध्ये ४ अशी पुढील संख्या आहे. मतांची टक्केवारी मात्र वेगळी गोष्ट सांगते. २००४ मध्ये देशभरातील मतांत पक्षाचा वाटा ५.६६ टक्के होता व २००९ मध्ये तो ५.३३ टक्के होता. म्हणजे जागा निम्म्याहूनही कमी झाल्या, तरी मते जवळपास टिकून होती. मतांची खरी घसरण २०१४ मध्ये (३.२५ टक्के) आणि २०१९ मध्ये (१.७५ टक्के) झाली.

या आकड्यांचे महत्त्व असे की, २००९ चा पराभव हा आघाड्यांच्या गणिताचा पराभव आहे असे मानण्यास पक्षाला सबळ आधार होता. अणुकराराच्या प्रश्नावर जुलै २००८ मध्ये केंद्र सरकारचा पाठिंबा काढून घेतल्यानंतर घाईने उभारलेला तिसरा पर्याय मतदारांना विश्वासार्ह वाटला नाही, हे पक्षाने मान्य केले. निदान चुकीचे नव्हते. परंतु ते अपुरे होते. मतांचा पाया तोवर टिकला असला तरी त्याखालची जमीन पश्चिम बंगालमध्ये २००६ पासूनच खचू लागली होती.

धोरणविरोधाची जमेची बाजू

पक्षाच्या आर्थिक भूमिकेचे मूल्यमापन करताना २००४ ते २००८ या काळाची नोंद घेणे न्यायाचे ठरेल. किमान समान कार्यक्रमाच्या चौकटीत डाव्यांनी बाहेरून दिलेल्या पाठिंब्याचा ठसा अनेक निर्णयांवर उमटला. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा (२००५) आणि वनहक्क कायदा (२००६) यांच्या घडणीत डाव्या खासदारांचा आग्रह महत्त्वाचा होता. रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्रात सत्तरच्या दशकातच रुजली होती, हेही येथे लक्षात ठेवावे. २००५ साली भेलमधील दहा टक्के समभाग विकण्याचा प्रस्ताव डाव्यांच्या विरोधामुळे बाजूला पडला. निवृत्तिवेतन निधी विधेयक आणि विम्यातील परकीय गुंतवणुकीची मर्यादा वाढविण्याचा प्रयत्न त्या काळात तडीस गेला नाही. डावे क्षीण झाल्यानंतर निवृत्तिवेतन निधीचा कायदा २०१३ मध्ये झाला. विम्यातील मर्यादा २०१५ मध्ये २६ वरून ४९ टक्के झाली व २०२१ मध्ये ७४ टक्क्यांपर्यंत पोहोचली.

सारांश, संसदेतील साठेक सदस्यांचे अस्तित्व धोरणाच्या दिशेवर परिणाम करीत होते. डाव्यांच्या पराभवाची चिकित्सा म्हणूनच केवळ एका पक्षाच्या घरातील बाब राहत नाही. ज्यांच्या निवृत्तिवेतनाचा, जमिनीचा व मजुरीचा निर्णय संसदेत होतो, त्या सर्वांशी तिचा संबंध आहे.

पश्चिम बंगाल : धोरणाची दोन तोंडे

१९७७ मध्ये सत्तेवर आलेल्या डाव्या आघाडीची खरी पुंजी जमीनसुधारणा ही होती. १९७८ पासून राबविलेल्या ऑपरेशन बर्गाखाली १४ लाखांहून अधिक बर्गादारांची, म्हणजे बटाईदार कुळांची, नोंद झाली आणि पंचायत निवडणुकांनी ग्रामीण सत्तेचा तोल बदलला. या पुंजीवर आघाडीने ३४ वर्षे राज्य केले.

औद्योगिक क्षेत्रातील चित्र वेगळे होते. पन्नाशीच्या दशकातील मालवाहतूक समानीकरणाच्या धोरणाने पूर्व भारताचा नैसर्गिक लाभ हिरावून घेतला होता, परवानापद्धतीत केंद्राची अनास्था होती आणि कारखाने बंद पडत होते. १९९१ नंतर राज्याराज्यांत गुंतवणुकीसाठी स्पर्धा सुरू झाली, तेव्हा ज्योती बसू सरकारने सप्टेंबर १९९४ मध्ये खासगी व परकीय भांडवलाचे स्वागत करणारे औद्योगिक धोरण जाहीर केले. दिल्लीत ज्या धोरणाला विरोध करायचा, कोलकात्यात त्याच्याच चौकटीत गुंतवणूक मागायची, हा ताण तेथून सुरू होतो.

पक्षाच्या कार्यक्रमातही या बदलाचे प्रतिबिंब आढळते. १९६४ च्या कार्यक्रमात राज्य सरकारांकडून जनतेला तातडीचा दिलासा देण्याची माफक अपेक्षा होती. ऑक्टोबर २००० मध्ये तिरुवनंतपुरम येथे अद्ययावत केलेल्या कार्यक्रमात, उपलब्ध मर्यादांत पर्यायी धोरणे मांडण्याची व राबविण्याची जबाबदारी आली. दिलासा देणे आणि पर्याय उभा करणे यांत मोठे अंतर आहे. पर्यायाचा दावा केला की त्याच मापाने मोजले जाणेही ओघाने आलेच.

२००६ च्या विधानसभा निवडणुकीत २९४ पैकी २३५ जागा मिळाल्यावर बुद्धदेव भट्टाचार्य सरकारने तो औद्योगिकीकरणाला मिळालेला कौल मानला. सिंगूर येथे टाटांच्या मोटार प्रकल्पासाठी ९९७ एकर जमीन १८९४ च्या वसाहतकालीन भूसंपादन कायद्यान्वये घेण्यात आली. नंदिग्राममध्ये १४ मार्च २००७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात १४ जण मृत्युमुखी पडले. ऑक्टोबर २००८ मध्ये टाटांनी सिंगूर सोडले. ३१ ऑगस्ट २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सिंगूरचे भूसंपादन बेकायदेशीर ठरवून जमीन परत करण्याचा आदेश दिला. कुळाला जमिनीवरचा हक्क मिळवून देणाऱ्या सरकारवर, कुळाची जमीन सक्तीने घेतल्याचा ठपका यावा, यातील विसंगती विरोधकांनी अचूक हेरली. डाव्या आघाडीच्या पहिल्या मंत्रिमंडळातील अर्थमंत्री अशोक मित्र यांनीही या काळात सरकारवर जाहीर टीका केली होती. २०११ मध्ये आघाडी ६२ जागांवर आली आणि माकपला केवळ ४० जागा मिळाल्या.

मीमांसेची भाषा

या पराभवानंतर पक्षाने काय म्हटले? जनतेची परिवर्तनाची इच्छा, प्रशासकीय चुका, कार्यकर्त्यांचे अरेरावीचे वर्तन, जनतेपासून आलेला दुरावा अशी कारणे मांडली गेली. २०१५ च्या विशाखापट्टणम महाअधिवेशनात राजकीय-डावपेचात्मक भूमिकेचा फेरआढावा घेण्यात आला आणि प्रादेशिक पक्षांशी केलेल्या आघाड्यांमुळे पक्षाची स्वतंत्र शक्ती वाढली नाही, असा निष्कर्ष निघाला. नवउदारवादी काळात शेतकरी, कामगार व मध्यमवर्ग यांत झालेल्या बदलांचा अभ्यास करण्यासाठी अभ्यासगटही नेमण्यात आले होते. डिसेंबर २०१५ च्या कोलकाता प्लेनमने जनतेशी जिवंत संबंध असणाऱ्या क्रांतिकारी पक्षाची उभारणी हे उद्दिष्ट ठेवले. पुढे २०१८ च्या हैदराबाद महाअधिवेशनाची बहुतांश ऊर्जा काँग्रेसशी समझोता करावा की नाही, या वादात खर्च झाली. त्याआधी जानेवारी २०१८ मध्ये केंद्रीय समितीत याच प्रश्नावर ५५ विरुद्ध ३१ असे मतदान झाले होते.

अभ्यासगटांची नेमणूक स्तुत्य होती, यात शंका नाही. परंतु त्यांचा रोख बदललेल्या समाजाकडे होता; बदललेल्या पक्षाच्या सरकारांकडे नव्हता. बंगालमधील औद्योगिकीकरणाची दिशा योग्य आणि अंमलबजावणी सदोष, हे सूत्र पक्षात दीर्घकाळ प्रचलित राहिले. या सूत्रात एक तार्किक अडचण आहे. केंद्राने केलेले सक्तीचे भूसंपादन हा धोरणाचा दोष आणि राज्याने केलेले तेच संपादन हा अंमलबजावणीचा दोष, असा भेद मतदाराला पटवून देता येत नाही. शेत गेलेल्या माणसाच्या दृष्टीने दोन्ही ठिकाणी पोलीस सारखेच येतात.

२०२१ चा मे महिना या दृष्टीने उद्बोधक आहे. त्या एकाच वेळी लागलेल्या निकालांत केरळमध्ये डाव्या लोकशाही आघाडीला १४० पैकी ९९ जागा मिळाल्या आणि पश्चिम बंगालमध्ये माकपला एकही जागा मिळाली नाही. पक्ष एकच, केंद्रीय धोरणावरील टीकाही एकच. मग फरक कशाने पडला? केवळ केंद्राच्या धोरणाला केलेला विरोध मतदाराला बांधून ठेवू शकत नाही. पक्षाचे सरकार साथीत, पुरात, रेशनच्या दुकानात कसे वागले, यावर त्याचा विश्वास ठरतो, असाच याचा अर्थ लावावा लागतो. बंगालमध्ये मतांचे धार्मिक ध्रुवीकरणही झाले हे खरे. परंतु तेथील लोकसभा मतांत पक्षाचा २०१४ मधील सुमारे २३ टक्के वाटा २०१९ मध्ये ६ टक्क्यांच्या आसपास आला. एवढी मते निघून जातात तेव्हा ध्रुवीकरण हे स्पष्टीकरण अर्धेच राहते. ध्रुवीकरणाच्या वेळी आपले लोक आपल्यापाशी का थांबले नाहीत, हा प्रश्न उरतोच.

केरळ : तोच ताण, नव्या रूपात

केरळचा विजय हे या प्रश्नाचे उत्तर नव्हते, हेही नोंदविले पाहिजे. उच्च शिक्षणाचे उदाहरण महाविद्यालयीन अध्यापकांना जवळचे वाटेल. २५ नोव्हेंबर १९९४ रोजी कूत्तुपरंब येथे शिक्षणाच्या खासगीकरणाविरुद्धच्या निदर्शनांवर गोळीबार होऊन पक्षाच्या युवक संघटनेचे पाच कार्यकर्ते मरण पावले. मार्च २०२५ मध्ये याच पक्षाच्या नेतृत्वाखालील सरकारने राज्यात खासगी विद्यापीठांना परवानगी देणारे विधेयक विधानसभेत संमत करून घेतले. निवृत्तिवेतनाबाबतही तसेच घडले. २०१३ मध्ये काँग्रेसप्रणीत आघाडीने लागू केलेली अंशदायी योजना, फेरविचाराचे आश्वासन देऊन २०१६ मध्ये सत्तेवर आलेल्या डाव्या आघाडीने त्या पाच वर्षांत रद्द केली नाही. याउलट पश्चिम बंगालमधील डाव्या सरकारने ती योजना स्वीकारलीच नव्हती. म्हणजे मर्यादांच्या आतही निवड शिल्लक असते.

राज्यांच्या हाती चलन नाही, कर्जाची मर्यादा केंद्र ठरविते आणि वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून (२०१७) करआकारणीचे स्वातंत्र्यही आक्रसले आहे. केरळ सरकारने कर्जमर्यादेच्या प्रश्नावर २०२३ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, ती उगीच नव्हे. या अडचणी खऱ्या आहेत. त्या लोकांसमोर मांडाव्यात आणि त्यांमुळे कोणती तडजोड करावी लागली तेही सांगावे, एवढीच अपेक्षा आहे. तडजोडीला पर्याय म्हणून सादर केले की पर्याय हा शब्दच निकामी होतो.

महाराष्ट्राचा अनुभव

महाराष्ट्रात माकप कधीच सत्तेचा दावेदार नव्हता. म्हणून येथे धोरणविरोधाचा आणि मतांचा संबंध अधिक स्वच्छपणे पाहता येतो. ६ ते १२ मार्च २०१८ या काळात किसान सभेच्या नेतृत्वाखाली नाशिक ते मुंबई असा सुमारे १८० किलोमीटरचा मोर्चा निघाला. वनजमिनीचे पट्टे, कर्जमाफी आणि हमीभाव या मागण्या होत्या. शालान्त परीक्षेच्या विद्यार्थ्यांना त्रास होऊ नये म्हणून मोर्चेकरी शेवटचा टप्पा रात्री चालले. मुंबईकरांनी त्यांना पाणी व खाद्यपदार्थ दिले आणि सरकारला लेखी आश्वासन द्यावे लागले.

तथापि, २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत पक्षाने डहाणू जिंकले आणि मोर्चाच्या नाशिक जिल्ह्यातील कळवण गमावले. २०२४ मध्येही डहाणू ही एकच जागा राहिली. डहाणू-तलासरी हा १९४५ नंतरच्या वारली उठावाचा, गोदावरी परुळेकरांच्या कार्याचा प्रदेश. मोर्चाने सहानुभूती मिळते. मत मात्र पिढ्यान्‌पिढ्यांच्या दैनंदिन सोबतीतून मिळते, असे या तुलनेतून सूचित होते. २०२०-२१ च्या शेतकरी आंदोलनाने तीन कृषी कायदे मागे घ्यायला लावले, त्यात किसान सभा सहभागी होती. तरीही पक्षाचा संसदीय आधार वाढला नाही, यावरूनही हेच दिसते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, माकपची केंद्रीय आर्थिक धोरणावरील टीका निराधार नव्हती आणि तिला संख्याबळाची जोड होती तेव्हा तिचा परिणामही झाला. दुसरी, पराभवाच्या मीमांसेत आघाडी व संघटना यांना अग्रस्थान मिळाले आणि पक्षाच्या राज्य सरकारांनी अनुसरलेले धोरण दुय्यम राहिले. तिसरी, आंदोलनातून मिळालेली प्रतिष्ठा आपोआप मतांत रूपांतरित होत नाही.

यातून निघणारी सूचना साधी आहे. केंद्राच्या प्रत्येक अर्थसंकल्पाची चिकित्सा करणाऱ्या पक्षाने आपल्या राज्य सरकारांच्या अर्थसंकल्पाचीही तितकीच काटेकोर चिकित्सा स्वतःच्याच व्यासपीठावर केली पाहिजे. लोकशाही मध्यवर्तित्वाची शिस्त अशा चर्चेच्या आड येत असेल, तर त्या शिस्तीचाही विचार व्हावा. २०१९ व २०२० मध्ये संसदेने संमत केलेल्या चार श्रमसंहितांमुळे कामगारांच्या संरक्षणाचा प्रश्न नव्याने उभा राहिला आहे आणि त्यावर ठामपणे बोलणाऱ्या आवाजांची गरज आहे. तो आवाज ऐकला जावा, यासाठी बोलणाऱ्याने आपल्या कारभाराचा हिशेबही त्याच मापाने मांडणे आवश्यक आहे.