अभावाची नोंद

वैद्यकीय शोधनिबंधाचं रसग्रहण कुणी करत नाही. आकडे उचलायचे आणि पुढे जायचं, अशीच रीत. मेरी रोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध मीही आधी तसाच वाचला. १८ डिसेंबर २००३च्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधला हा निबंध ल्युपसच्या रुग्णांमधल्या धमनीकाठिण्याविषयी आहे. दुसऱ्या वाचनात एका शब्दाशी अडखळलो: अभाव.

पण आधी शीर्षक. ल्युपसमध्ये झपाट्यानं वाढणारं धमनीकाठिण्य किती आढळतं आणि त्याच्या सोबतीनं काय काय आढळतं, असा त्याचा आशय. 'कारणं' हा शब्द त्यात कुठेच नाही. लेखकांनी पहिल्याच ओळीत स्वतःला लगाम घातलाय.

लगाम हवाच होता, कारण मोह मोठा. ल्युपसमध्ये शरीर स्वतःच्याच पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. हीच स्वप्रतिपिंडं धमन्यांच्या अस्तराला डिवचत असणार, असं म्हटलं की गोष्ट कशी चपखल बसते! ल्युपस आणि हृदयविकाराच्या नात्याला पार्श्वभूमीही होती. १९७६ साली टोरोंटोच्या मरे युरोविट्झ आणि सहकाऱ्यांनी ८१ रुग्णांपैकी ११ जणांच्या मृत्यूंचा हिशेब मांडला होता. ६ जण निदानानंतर वर्षाच्या आत गेले, तेव्हा आजार भडकलेला होता. उरलेले ५ बऱ्याच उशिरा गेले. त्यांच्यातल्या चौघांचा ल्युपस निवलेला होता, पण पाचही जणांना नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला.

रोमन यांच्या गटानं १९७ रुग्ण आणि त्यांच्याशी मिळतीजुळती १९७ माणसं घेतली आणि मानेतल्या धमन्यांची सोनोग्राफी केली. प्लाक, म्हणजे धमनीच्या भिंतीत साचलेला थर, रुग्णांमध्ये ३७.१ टक्के जणांना दिसला, इतरांमध्ये १५.२ टक्के. हृदयविकाराचे नेहमीचे धोके दोन्हीकडे सारखेच होते. इथवर निबंध अपेक्षेच्या वाटेनं चालतो.

मग तो वळतो. रुग्णांपैकी प्लाक कुणाला? ज्यांचा आजार जुना, ज्यांच्या अवयवांची हानी जास्त, ज्यांना सायक्लोफॉस्फमाइड हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध मिळालं असण्याचं प्रमाण कमी होतं, आणि ज्यांच्या रक्तात अँटी-स्मिथ प्रतिपिंडांचा अभाव होता. ही प्रतिपिंडं १९६६ साली सापडली, ती ल्युपसची खास खूण मानतात. (एका रुग्णाचं आडनाव त्यांना चिकटलंय.) अनेक प्रकारची स्वप्रतिपिंडं असण्याचं प्रमाणही प्लाकवाल्यांमध्ये कमीच. ज्याच्यावर संशय, तोच नेमका घटनास्थळी गैरहजर!

निबंधाचं सौंदर्य मला इथं दिसतं. ही अडचणीची ओळ तळटीपेत ढकलता आली असती. लेखकांनी ती सारांशातच ठेवली. तिचे अर्थ दोन-तीन लागतात. प्रतिपिंडं ठळक असलेल्यांवर लवकर, जोरकस उपचार झाले असतील आणि त्यांनी धमन्याही वाचल्या असतील. किंवा हा ल्युपसचा पोटप्रकारच निराळा असेल. तिसरी शक्यता म्हणजे सगळी प्रतिपिंडं एका माळेचे मणी नसतीलच. त्याच २००३ साली 'नेचर मेडिसिन'मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग आला: न्यूमोकॉकस या जिवाणूविरुद्धची लस दिल्यावर ऑक्सिडीकृत एलडीएलला, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलच्या बदललेल्या रूपाला, ओळखणारी प्रतिपिंडं वाढली आणि धमन्यांतले थर कमी झाले. म्हणजे काही प्रतिपिंडं राखणदारही असू शकतात.

माझी तक्रार समारोपाबद्दल. सोनोग्राफी एका दिवसाचं चित्र देते. आधी काय झालं, मग काय, हे त्यातून कळत नाही. तरी लेखक प्रभावी दाहशामक उपचारांच्या चाचण्यांची गरज अधोरेखित करतात. आजाराशी निगडित घटकांचा वाटा असावा असं 'सूचित होतं', हे क्रियापद मात्र ते जपून वापरतात. शीर्षकातला लगाम तिथे किंचित सैल पडतो, सुटत नाही.