सीमाभागातील विद्यार्थी आणि प्रवेशाचे दोन नियम : एक चिकित्सा

प्रास्ताविक

बेळगाव-निपाणी सीमाभागाविषयीची चर्चा प्रामुख्याने भूभाग, गावांची यादी, भाषिक टक्केवारी आणि न्यायालयातील दावा यांभोवती होत असते. या भागातील विद्यार्थी बारावीनंतर कोठे जातो आणि कोणत्या राज्यात कोणत्या नात्याने त्याला प्रवेश मिळतो, हा प्रश्न मात्र बाजूला राहतो. वास्तविक महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांनी व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या आपापल्या प्रवेश नियमावलीत सीमाभागासाठी एकेक स्वतंत्र तरतूद केलेली आहे. उच्च शिक्षणात दोन शेजारी राज्यांनी एकमेकांच्या विद्यार्थ्यांची दखल घेतल्याचे हे महत्त्वाचे उदाहरण होय. परंतु ही दखल कराराने घेतलेली नसून प्रादेशिक हक्कसांगण्याच्या पोटी आलेली आहे. तिचा लाभ कोणाला होतो व त्यातून कोण वगळला जातो, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी

बेळगावातील उच्च शिक्षणाची सुरुवात मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली झाली. लिंगराज महाविद्यालय १९३३ मध्ये आणि राणी पार्वतीदेवी महाविद्यालय १९४५ मध्ये सुरू झाले. १९४९ मध्ये कर्नाटक विद्यापीठ स्थापन झाले आणि बेळगाव जिल्हा त्याच्या कक्षेत गेला. त्या वेळी हा जिल्हा मुंबई राज्यातच होता, म्हणजे राज्याची सीमा बदलण्यापूर्वी सात वर्षे येथे विद्यापीठाची सीमा बदलली होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेनुसार हा भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात समाविष्ट झाला. चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यात राहिला. पुढे १९६२ मध्ये कोल्हापूर येथे शिवाजी विद्यापीठ, १९९८ मध्ये बेळगाव येथे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आणि २०१० मध्ये बेळगाव येथेच राणी चन्नम्मा विद्यापीठ स्थापन झाले.

सीमाप्रश्नावर १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये अहवाल दिला. निपाणी, खानापूर यांसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर यांसह २४७ गावे कर्नाटकाला द्यावीत आणि बेळगाव शहर कर्नाटकातच राहावे, अशा त्याच्या शिफारशी होत्या. महाराष्ट्राने हा अहवाल फेटाळला, तर कर्नाटकाने तोच अंतिम मानावा अशी भूमिका घेतली. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. प्रवेशाच्या नियमांतील शब्दयोजना या इतिहासातून आलेली आहे.

दोन तरतुदींची तुलना

महाराष्ट्राच्या तंत्रशिक्षणाच्या प्रवेश नियमावलीत राज्यातील उमेदवारांचे प्रकार पाडलेले आहेत. त्यांतील 'ई' प्रकार महाराष्ट्र-कर्नाटक विवादित सीमाभागातील उमेदवारांसाठी आहे. विवादित भागातील मान्यताप्राप्त संस्थेतून दहावी किंवा बारावी उत्तीर्ण झालेला आणि मातृभाषा मराठी असलेला विद्यार्थी या प्रकारात येतो. ज्या गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे, त्यांची संख्या शासकीय कागदपत्रांत ८६५ अशी येते. मातृभाषेसाठी प्रमाणपत्र जोडावे लागते.

कर्नाटकाच्या सामाईक प्रवेश प्रक्रियेत 'गडिनाडू' उमेदवार, म्हणजे सीमाप्रदेशातील उमेदवार, असा वर्ग आहे. दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, जत आणि गडहिंग्लज या महाराष्ट्रातील तालुक्यांच्या, तसेच केरळमधील कासरगोड परिसराच्या, कन्नड भाषिक विवादित भागातील रहिवासी विद्यार्थी त्यात मोडतात. त्यांनी दहावी आणि बारावी दोन्ही त्याच भागातून उत्तीर्ण केलेली असावी, मातृभाषा कन्नड, तुळू किंवा कोडव असावी आणि परीक्षा प्राधिकरणाने घेतलेली कन्नड भाषेची चाचणी द्यावी, अशा अटी आहेत.

या दोन तरतुदी एकत्र वाचल्या असता त्या जणू एकमेकींचे प्रतिबिंब आहेत असे दिसते. दोन्हींमध्ये शेजारी राज्याच्या प्रदेशाला 'विवादित' म्हटलेले आहे आणि दोन्हींमध्ये मातृभाषा ही निर्णायक कसोटी आहे. मात्र यात एक विसंगतीही आहे. महाजन अहवालाने प्रश्न मिटला असे कर्नाटकाचे म्हणणे असताना त्याच्या प्रवेश नियमात महाराष्ट्रातील तालुके विवादितच राहिले आहेत. महाराष्ट्र त्या अहवालाला मानत नाही आणि अक्कलकोट-जतबद्दल कोणताही वाद असल्याचे मान्य करीत नाही. वाद फक्त सीमेपलीकडच्या गावांचा आहे. म्हणजे प्रत्येक राज्याच्या लेखी विवाद सीमेच्या पलीकडेच सुरू होतो. अशा शब्दयोजनेमुळे या दोन तरतुदींचा एकत्रित विचार करण्यासाठी दोन्ही राज्यांचे शिक्षण खाते एका टेबलावर बसणे अवघड होते.

मातृभाषेची अट आणि तिचे परिणाम

या अटीमागील हेतू समजून घेतला पाहिजे. भाषावार प्रांतरचनेत जे आपल्या भाषेच्या राज्याबाहेर राहिले, त्यांच्या मुलांचे शैक्षणिक नुकसान होऊ नये, ही भूमिका न्याय्य आहे. मराठी शाळेत शिकलेल्या खानापूरच्या मुलाला पुण्या-कोल्हापूरच्या महाविद्यालयाचे दार उघडे असावे, याला कोणाचीही हरकत असू नये. अक्कलकोटच्या कन्नड शाळेतील मुलीलाही तोच न्याय लागू होतो.

परंतु सीमाभाग हा दोनच भाषांचा प्रदेश नाही. बेळगाव, निपाणी, संकेश्वर या बाजारपेठांच्या गावांत मराठी आणि कन्नड यांच्या जोडीला उर्दू किंवा दखनी बोलणारा मुस्लिम समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत आला आहे. व्यवहारात हा समाज तिन्ही भाषा वापरतो. बाजारात मराठी, कचेरीत कन्नड आणि घरात उर्दू असा त्याचा दिनक्रम असतो. शाळेच्या नोंदवहीत मात्र मातृभाषेचा रकाना एकच असतो आणि त्यात सहसा 'उर्दू' असे लिहिले जाते, मग मुलगा मराठी माध्यमात शिकत असला तरीही.

निपाणीतील अशा एखाद्या विद्यार्थ्याचे उदाहरण घेता येईल. दहावीपर्यंत तो निपाणीत कर्नाटक मंडळाच्या शाळेत शिकला. अकरावी-बारावीसाठी तो गावाला लागूनच असलेल्या अर्जुननगर येथील देवचंद महाविद्यालयात गेला. अर्जुननगर हे कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात येते. त्यामुळे त्याची बारावी महाराष्ट्र मंडळाची झाली. आता त्याला अभियांत्रिकीसाठी सुमारे ४० किलोमीटरवरील कोल्हापूरला जायचे आहे. बेळगाव त्याला जवळजवळ दुप्पट अंतरावर पडते. महाराष्ट्राच्या 'अ' प्रकारात दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावी लागते, म्हणून तो त्यात बसत नाही. आईवडील निपाणीचेच असल्याने महाराष्ट्राच्या अधिवासावर आधारलेला प्रकारही त्याला लागू होत नाही. 'ई' प्रकारात त्याचे गाव बसते, दहावी बसते, परंतु मातृभाषा बसत नाही. परिणामी तो महाराष्ट्राबाहेरील उमेदवार ठरतो. त्याच बाकावर बसलेला, त्याच गल्लीतला, मातृभाषा मराठी असलेला त्याचा वर्गमित्र मात्र राज्याचा उमेदवार ठरतो. दोघांचे गुण, शाळा आणि घराचे अंतर सारखे असूनही नोंदवहीतील एका शब्दाने त्यांच्या वाटा वेगळ्या होतात.

हीच गोष्ट उलट दिशेनेही घडते. अक्कलकोट किंवा जतमधील उर्दू, मराठी वा तेलुगू मातृभाषेच्या विद्यार्थ्याला विजापूर जवळ असले तरी गडिनाडू तरतुदीचा उपयोग नाही. तात्पर्य, दोन्ही नियमांनी सीमाभागातील आपापल्या भाषेचा माणूस शोधला. सीमाभागात राहणारा विद्यार्थी शोधला नाही. जो तिसऱ्या भाषेचा आहे, त्याच्या बाजूने दावा सांगणारे कोणतेही राज्य नाही.

विद्यापीठांच्या कक्षा आणि अल्पसंख्याक संस्था

निपाणीच्या शैक्षणिक जीवनात ही विभागणी रोज दिसते. गावातील जी. आय. बागेवाडी महाविद्यालय कर्नाटकातील विद्यापीठाशी संलग्न आहे, तर शेजारच्या अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय शिवाजी विद्यापीठाशी. एकाच गावातील मुलांना दोन अभ्यासक्रम, दोन वेळापत्रके आणि दोन पदव्या मिळतात. राज्य विद्यापीठाला राज्याबाहेर आपले कार्यक्षेत्र नेता येत नाही, हे २००५ मधील प्रा. यशपाल खटल्याच्या निकालाने स्पष्ट झाले आहे. त्यामुळे एका विद्यापीठाने पलीकडे संलग्नता द्यावी हा मार्ग बंद आहे. तथापि दोन विद्यापीठांनी परस्परांचे श्रेयांक मान्य करण्यास त्या निकालाने बंदी घातलेली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या श्रेयांक पेढीच्या नियमांनी तर त्यासाठी यंत्रणाही उपलब्ध करून दिली आहे.

अल्पसंख्याक संस्थांच्या बाबतीतही असाच अवकाश आहे. २००२ च्या टी. एम. ए. पै प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकत्व ठरविण्याचा घटक राज्य हा मानला. त्यामुळे कोल्हापूरच्या मुस्लिम संस्थेच्या दृष्टीने निपाणीचा मुस्लिम विद्यार्थी परराज्यातला ठरतो. परंतु २००५ च्या पी. ए. इनामदार प्रकरणात न्यायालयाने या भूमिकेला एक पुरवणी जोडली. संस्थेने मुख्यत्वे आपल्या राज्यातील अल्पसंख्याकांची गरज भागवावी. तथापि अन्य राज्यांतील त्याच अल्पसंख्याक समाजाच्या काही थोड्या विद्यार्थ्यांना प्रवेश देणे गैर नाही, असे त्यात म्हटले आहे. सीमाभागातील शिक्षण संस्थांनी या मोकळिकीचा अभ्यासपूर्वक उपयोग करून घेणे आवश्यक आहे. दोन्ही राज्यांच्या नियमावल्यांनीही तिला स्पष्ट स्थान द्यावयास हवे.

सहकार्याचा पर्याय

अशा प्रश्नावर अन्यत्र कोणते मार्ग काढले गेले, हे पाहणे उपयुक्त ठरते. अमेरिकेतील दक्षिणेकडील राज्यांनी १९४८ मध्ये आंतरराज्य करार करून प्रादेशिक शिक्षण मंडळ स्थापन केले. पश्चिमेकडील राज्यांच्या अशाच व्यवस्थेत शेजारी राज्याच्या विद्यार्थ्याला सहभागी संस्थांमध्ये स्थानिक शुल्काच्या दीडपटीपर्यंतच शुल्क पडते. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या दोन शेजारी राज्यांत तर परस्पर शुल्क सवलतीचा करार अनेक दशके चालू आहे. या साऱ्या व्यवस्थांत विद्यार्थ्याचे निवासस्थान विचारले जाते. त्याच्या मातृभाषेचा दाखला मागितला जात नाही. अर्थात त्या राज्यांमध्ये भूभागाचा वाद नव्हता, हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे.

मात्र वाद असूनही सहकार्य करता येते, याचा दाखला याच दोन राज्यांनी दिला आहे. महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या एस.टी. गाड्या परस्पर वाहतूक कराराने एकमेकांच्या शहरांत जातात. पावसाळ्यात कृष्णेच्या पुराच्या वेळी धरणांतील विसर्गाबाबत दोन्हीकडील अधिकारी संपर्कात असतात. मग विद्यार्थ्यांसाठी करार का नसावा? राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६ च्या कलम २१ मध्ये क्षेत्रीय परिषदांच्या कामात सीमावाद, भाषिक अल्पसंख्याक आणि आंतरराज्य वाहतूक हे विषय एकत्रच नमूद आहेत. महाराष्ट्र पश्चिम परिषदेत आणि कर्नाटक दक्षिण परिषदेत असल्यामुळे हे दोघे एका परिषदेत भेटत नाहीत. पण कलम २२ मध्ये परिषदांच्या संयुक्त बैठकीची सोय आहे. शिवाय १४ डिसेंबर २०२२ रोजी दिल्लीत केंद्रीय गृहमंत्र्यांनी घेतलेल्या बैठकीत दोन्ही राज्यांच्या प्रत्येकी तीन मंत्र्यांची समिती नेमून लहानमोठे प्रश्न चर्चेने सोडवावेत, असे ठरले होते. प्रवेशाचा प्रश्न अशा समितीपुढे ठेवण्यास अत्यंत योग्य आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. 'विवादित' हा शब्द काढला तर न्यायालयातील दावा दुबळा होईल, अशी भीती महाराष्ट्रात व्यक्त होऊ शकते. ही भीती दुर्लक्षणीय नाही. परंतु कोणत्याही पक्षाच्या दाव्याला बाधा न आणता, असे वाक्य करारात घालण्याची पद्धत कायद्याच्या व्यवहारात रूढ आहे. असा करार दाव्याच्या निकालाची वाट पाहत नाही आणि त्यावर परिणामही करीत नाही. विद्यार्थ्याला मात्र वाट पाहणे परवडत नाही. २००४ मध्ये दावा दाखल झाला, त्या वर्षी जन्मलेली मुले पदवीच्या वयाची झाली, हे विसरता येत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. एक, दोन्ही राज्यांनी सीमाभागातील विद्यार्थ्यांची विशेष गरज तत्त्वतः मान्य केलेली आहे. त्यामुळे नवीन तत्त्व मांडण्याची गरज नाही, आहे त्या दोन तरतुदींना परस्पर कराराचे रूप देणे पुरेसे आहे. दोन, पात्रतेची कसोटी मातृभाषा ही नसून सीमावर्ती तालुक्यातील निवास आणि तेथील शालेय शिक्षण ही असावी. भाषिक अल्पसंख्याकांसाठी असलेल्या सध्याच्या जागा कमी न करता ही कसोटी लागू करता येईल. तीन, शिवाजी विद्यापीठ आणि राणी चन्नम्मा विद्यापीठ यांनी निपाणी-कागल आणि बेळगाव-चंदगड पट्ट्यातील महाविद्यालयांपुरते तरी श्रेयांकांच्या देवाणघेवाणीचे सूत्र ठरवावे. चार, अल्पसंख्याक संस्थांना सीमेपलीकडील मर्यादित प्रवेशाची जी मुभा २००५ च्या निकालाने दिली, तिचा नियमावलीत उल्लेख व्हावा.

सीमाप्रश्नाचा निकाल कोणत्याही बाजूने लागला तरी काही मराठी, काही कन्नड आणि काही उर्दू भाषिक कुटुंबे त्यांच्या भाषेच्या बहुसंख्येबाहेर राहणारच आहेत. म्हणून प्रवेशाची ही व्यवस्था निकालानंतरही लागणार आहे. ती आताच तयार करणे दोन्ही राज्यांच्या हिताचे ठरेल. शिक्षण संस्थांनी याबाबत दोन्ही सरकारांकडे एकाच मसुद्याचे निवेदन द्यावे, म्हणजे चर्चेला निश्चित स्वरूप येईल.