वारशाची किंमत आणि वारशाचे मोल

वारसा जतन करणाऱ्या संस्थांना शासन आणि देणगीदार आता एकच प्रश्न करतात : समाजाला तुमचा उपयोग काय? प्रश्न अवाजवी नाही; सार्वजनिक पैशाचा हिशेब द्यावाच लागतो. वाद आहे तो मोजपट्टीविषयी.

अशा मोजणीचा एक गाजलेला प्रयत्न लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीने २००४ साली प्रसिद्ध केला. हे ग्रंथालय टिकावे म्हणून आपण किती पैसे द्याल, आणि ते गमवायचे झाल्यास किती भरपाई घ्याल, असे वाचकांना व इतर नागरिकांनाही विचारण्यात आले. शासनाच्या प्रत्येक पौंडामागे समाजास ४.४० पौंडांचा लाभ होतो, असा निष्कर्ष निघाला. उंबरठा न ओलांडणाऱ्यालाही ग्रंथालयाचे मोल वाटते, हे या पद्धतीने दाखविले. हा तिचा गुण आम्ही मानतो. परंतु तिने विचारले ते आजच्या माणसांना. उद्याचा वाचक कोणत्याही पाहणीत सापडत नाही, आणि वारसा तर त्याच्यासाठीच राखायचा असतो.

पुण्याच्या भांडारकर संस्थेचे उदाहरण या दृष्टीने पाहावे. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम तेथे १९१९ साली सुरू झाले. पहिला खंडांश १९२७ साली छापून आला आणि आवृत्ती पूर्ण झाली ती १९६६ साली. त्यासाठी १२५९ हस्तलिखिते अभ्यासली गेली. पाठ ताडून पाहण्याचे काही काम तंजावरच्या सरस्वती महालात, म्हणजे भोसले राजांनी जोपासलेल्या ग्रंथालयातही झाले. प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुकथनकर १९४३ साली निवर्तले. पूर्ण झालेले कार्य त्यांना पाहता आले नाही. १९२६ साली कोणी लाभार्थींचा आकडा मागितला असता, तर संस्थेने काय दाखविले असते? आज मात्र महाभारताच्या अभ्यासकाला ती आवृत्ती टाळून पुढे जाता येत नाही.

याचा अर्थ जुनेपण हेच प्रशस्तिपत्र, असा नव्हे. कुलूपबंद कपाटही वारसा राखीत नाही. महाराष्ट्राबाहेरील आपल्या मंडळांनी वार्षिक अहवालात हजेरीच्या आकड्याबरोबर तीन गोष्टी नोंदवाव्यात : किती ग्रंथांची व कागदपत्रांची सूची झाली, किती वाळवीपासून वाचले, आणि त्यांच्या आधारे कोणी काय लिहिले. हे आकडे लहान असतील. परंतु वाचक घटले म्हणून जुनी कपाटे रद्दीत काढण्याचा ठराव सभेपुढे येईल, तेव्हा तेच उपयोगी पडतील.