यमकाची साक्ष

अलेक्झांडर पोपच्या ‘द रेप ऑफ द लॉक’च्या १७१४ च्या आवृत्तीत ‘ओबे’शी ‘टी’चे यमक आहे. आजच्या प्रमाण उच्चारावरून ते सदोष ठरविणे हा कवीच्या कानावर अन्याय होय. तेव्हा ‘टे’ असाही उच्चार रूढ होता. आयरिश बोलींत तो पुढेही टिकला. ‘ग्रेट’, ‘ब्रेक’ यांसारख्या शब्दांत तर ‘ए’कार प्रमाण इंग्रजीतही उरला आहे. मात्र केवळ यमकावरून उच्चार सिद्ध होत नाही, कारण कवी परंपरागत यमकेही योजतात. म्हणूनच समकालीन उच्चारविषयक ग्रंथांची साक्ष काढल्यावाचून समीक्षकाने ‘दृष्टियमक’ असा शिक्का मारू नये. प्रमाण उच्चार हा स्वरपरिवर्तनाच्या इतिहासातील एक टप्पा आहे. तो मूल्यमापनाचा कालातीत निकष ठरू शकत नाही.