नेव्हाडांतील रानांत सांपडलेली बंदूक : कालनिर्णयाविषयीं कांहीं शंका

अमेरिकेंतील नेव्हाडा संस्थानांत ग्रेट बेसिन नांवाचें राष्ट्रीय उद्यान आहे. तेथें इ. स. २०१४ च्या नोव्हेंबरांत पुरातत्त्वविषयक पाहणी चालू असतां, जूनिपरच्या एका झाडास टेकून उभी असलेली एक जुनी बंदूक उद्यानाच्या सेवकांस दिसली. ती विंचेस्टर कारखान्याच्या १८७३ च्या नमुन्याची निघाली. दस्ता तडकलेला व खालीं मातींत रुतलेला, लांकूड उन्हापावसानें करडें पडलेलें, नळी गंजलेली. रंग खोडाशीं इतका मिळालेला कीं, जवळून जाणारासहि ती दिसूं नये. या शोधाविषयीं जें लिहिलें गेलें त्याचें परीक्षण येथें करावयाचें आहे. कारण त्यांत झालेली चूक आपल्या संग्राहक मंडळींकडूनहि वारंवार होते.

बंदुकीवरील अनुक्रमांक वाचतां आला. वायोमिंग संस्थानांतील कोडी येथील शस्त्रसंग्रहालयांत कारखान्याच्या जुन्या वह्या आहेत. त्यांवरून ती १८८२ सालीं तयार होऊन रवाना झाली एवढें ठरलें. कोणास व कोठें धाडली हें वहींत नाहीं. येथवर सर्व निर्दोष आहे. परंतु पुष्कळ वृत्तपत्रकारांनीं २०१४ मधून १८८२ वजा केले आणि ती बंदूक १३२ वर्षें त्या झाडाशीं उभी होती असें छापून टाकिलें! वजाबाकी बरोबर, हेतु मात्र सव्यभिचार. ज्या वर्षीं निर्मिति त्याच वर्षीं त्याग, ही व्याप्ति कोणीं व केव्हां सिद्ध केली?

याचें खंडन बंदुकीच्याच पोटांत होतें. संग्रहालयांतील तज्ज्ञांच्या तपासणींत दस्त्याच्या पोकळींत एक काडतूस मिळालें. तें १८८७ ते १९११ या अवधींत बनलेल्या जातीचें आहे. अर्थात् १८८७ पूर्वीं बंदूक तेथें ठेविली गेली असणें संभवत नाहीं. ही पूर्वमर्यादा झाली. १९११ ही उत्तरमर्यादा मानण्याचा मोह कित्येकांस होईल, पण तोहि आवरला पाहिजे. जुनें काडतूस दस्त्यांत वर्षानुवर्षें पडून राहूं शकतें.

मीं स्वतः एकदां असाच फसलों आहें. एका पोथीच्या पुष्पिकेंतील शक पाहून तिचा काळ मीं मोठ्या आत्मविश्वासानें सांगितला. पुढें पान उजेडापुढें धरतां कागदांत इंग्रजी कारखान्याचा छाप दिसला! लेखकानें मूळ प्रतीचा शक जसाच्या तसा उतरून घेतला होता. कारखान्याची वही ही त्या बंदुकीची पुष्पिका होय, आणि काडतूस हा तिच्या कागदांतील छाप.

‘विसरलेली विंचेस्टर’ हें जें नांव रूढ झालें, त्यासहि माझा आक्षेप आहे. विसरणें ही मालकाची मनःस्थिति; ती आपणांस कोठून कळली? तो परत येणार असेल, वाटेंत मेला असेल, किंवा निरुपयोगी म्हणून त्यानें ती टाकली असेल. १८७३ सालीं ५० डॉलर असलेली या नमुन्याची किंमत १८८२ पर्यंत २५ वर आली होती आणि त्या एका वर्षांत २५,००० हून अधिक नग निघाले. तेव्हां कोणा नामांकित लुटारूशीं तिचा संबंध जोडण्याचेंहि कारण नाहीं. गुराख्याची, खाणकामगाराची, शिकाऱ्याची, कोणाचीहि ती असूं शकेल.

एका गोष्टीबद्दल मात्र उद्यानाच्या अधिकाऱ्यांस धन्यवाद दिले पाहिजेत. त्यांनीं बंदूक घासूनपुसून नवी केली नाहीं. फुटणारें लांकूड तेवढें स्थिर करविलें. तीच वस्तु एखाद्या हौशी संग्राहकाच्या हातीं लागती, तर गंज जाता, दस्ता बदलला जाता, आणि जुनें लांकूड टाकून देतांना तें काडतूसहि केरांत जातें. आपल्याकडे रुमालांतून एखादें सुरेख पत्र तेवढें उचलून बाकीचे कागद रद्दींत घालणारे गृहस्थ मीं पाहिले आहेत. बंदुकीखालील पाटीवर ‘निर्मिति १८८२, ठेविल्याचा काळ १८८७ नंतर, नक्की अज्ञात’ एवढाच मजकूर असावा.